फोन उचलण्याआधी तिला विचारा

जुलै २०२० मधली गोष्ट. लॉस एंजेलिसमध्ये मेगन दी स्टॅलियन ही रॅप गायिका एका पार्टीहून परतत होती. वाटेत गाडीत भांडण झालं, ती उतरून चालू लागली आणि मागून तिच्या पायांवर गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणारा टोरी लेनेझ हा गायक तिच्या ओळखीचाच, त्याच गाडीतला. थोड्या वेळाने पोलिसांनी गाडी अडवली. रक्ताळलेले पाय बघून काय झालं असं विचारलं, तेव्हा काचेवर पाय पडला, असं तिने सांगितलं. जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसांच्या हातून जीव जाऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. गाडीत बंदूक आहे म्हटलं तर पोलीस आपल्यातल्या कोणालाही गोळी घालतील, अशी भीती तिला वाटली होती, हे तिने नंतर सांगितलं.

खरं बोलायला लागल्यावर तिला खोटारडी ठरवायला लोकांची रीघ लागली. तिच्यावर गाणी झाली, विनोद झाले, गोळी लागलीच नाही असंही म्हणून झालं. डिसेंबर २०२२ मध्ये ज्यूरीने लेनेझला दोषी ठरवलं आणि ऑगस्ट २०२३ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. नाव, पैसा, वकील, सगळं हाताशी असलेल्या बाईला आपल्यावर गोळी झाडली गेली हे लोकांच्या गळी उतरवायला अडीच वर्षं लागली. दुकानात कॅशवर उभी राहणारी किंवा वृद्धाश्रमात रात्रपाळी करणारी बाई याच वाटेने जाते तेव्हा तिच्यापुढे काय वाढून ठेवलेलं असतं, याचा अंदाज यावरून करावा.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांना डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिते आहे. तुमच्या शेजारी, ऑफिसात, मुलांच्या शाळेत कृष्णवर्णीय बायका आहेत. तुम्ही डॉक्टर किंवा नर्स असाल तर त्या तुमच्या पेशंट आहेत, घर भाड्याने दिलं असेल तर भाडेकरू आहेत, आणि काही मराठी घरांत आता सुना म्हणूनही आल्या आहेत. त्यांच्यातल्या एखादीवर घरात हात उगारला जातो आहे असं कळलं किंवा नुसता संशय आला, तर काय करायचं आणि काय टाळायचं, ते ठाऊक असायला हवं.

आधी एक गैरसमज दूर करू, कारण तो आपल्या बैठकीच्या खोल्यांत मी पुष्कळदा ऐकला आहे. ‘त्यांच्यात हे चालतंच’ असं म्हणून आपण विषय बाजूला सारतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या, म्हणजे सीडीसीच्या पाहणीनुसार दहातल्या चारांहून अधिक कृष्णवर्णीय बायकांना आयुष्यात कधी ना कधी नवऱ्याकडून किंवा जोडीदाराकडून मारहाण, बलात्कार किंवा पाठलाग सोसावा लागतो. पुरुषांच्या हातून त्यांचा खून होण्याचं प्रमाण गोऱ्या बायकांच्या दुपटीहून जास्त आहे, आणि मारणारा बहुतेक वेळा ओळखीचा असतो. हे आकडे कोणाच्या संस्कृतीचे नाहीत. हाताशी पैसा नसणं, दुसरं घर न मिळणं, घरात बंदूक असणं आणि मदत उशिरा पोहोचणं, किंवा न पोहोचणं, याचे ते आकडे आहेत. कोणाची तक्रार लगेच लिहून घेतली जाते आणि कोणाला ठाण्याच्या बाकावर ताटकळत ठेवलं जातं, हे महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला समजावून सांगावं लागू नये. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. ते नातं आपल्या तोंडी असतं, मग शेजारणीच्या बाबतीत ते आठवायला काय हरकत आहे?

आता मुद्द्यावर येते. तिने तुम्हाला काही सांगितलं तर पहिलं काम म्हणजे ते खरं मानणं. अविश्वासाची सवय तिला लहानपणापासून झालेली असते. जॉर्जटाऊन विद्यापीठाच्या कायदा शाखेने २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असं दिसलं की पाच वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीकडेही मोठी माणसं त्याच वयाच्या गोऱ्या मुलीपेक्षा कमी निरागस, कमी जपण्याजोगी म्हणून बघतात. पुढे हीच मुलगी मोठी झाली की ‘ती खंबीर आहे, तिला काय होतंय’ हे कौतुक तिच्या गळ्यात पडतं. मग रडायचीही चोरी होते. म्हणून ‘तू इतकी कणखर, तुझ्यावर हात टाकायची हिंमत कशी झाली त्याची’ असलं काही बोलू नका. ‘मग निघून का नाही गेलीस’ हेही नको. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी काहीच चूक नाही. आत्ता तुला माझ्याकडून काय हवंय?’ एवढी तीन वाक्यं पुरतात. तिसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच आपण विसरतो. आपल्याला लगेच उपाय सुचवायचे असतात, आणि त्यात पहिला उपाय पोलिसांचा.

कृष्णवर्णीय बाईसाठी पोलिसांना बोलावणं ही साधी गोष्ट नाही. जुलै २०२४ मध्ये इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डजवळ सोन्या मॅसी या बाईने घराबाहेर कोणी घुटमळतंय या भीतीने स्वतः ९११ ला फोन केला. मदतीला आलेल्या शेरीफच्या डेप्युटीने तिच्याच स्वयंपाकघरात तिला गोळी घातली. अशा बातम्या त्या समाजात घरोघरी माहीत असतात. शिवाय मारणारा नवरा असला तरी तो मुलांचा बाप असतो. आपल्या फोनमुळे तो दारातच मारला गेला तर, हा प्रश्न तिला छळतो. अनेक राज्यांत घरगुती मारहाणीच्या तक्रारीवर पोलिसांना अटक करावीच लागते, आणि बाईने बचावासाठी ओरबाडलं असेल तर कधीकधी दोघांनाही बेड्या पडतात. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये मरिसा अलेक्झांडरने २०१० मध्ये मारकुट्या नवऱ्याला रोखण्यासाठी गोळी झाडली. ती कोणालाही लागली नाही, तरी २०१२ मध्ये तिला वीस वर्षांची शिक्षा ठोठावली गेली. अपील आणि तडजोडीनंतर २०१५ मध्ये ती तुरुंगाबाहेर आली. तेव्हा तुमच्या मैत्रिणीने बचावासाठी काही केलं असेल, तर पोलिसांपुढे सविस्तर जबाब देण्याआधी वकिलाशी बोलायचा तिला हक्क आहे, याची आठवण करून द्या.

याचा अर्थ पोलिसांना कधीच बोलावू नये असा नाही. जीव जायची वेळ असेल, आरडाओरडा ऐकू येत असेल, मारणाऱ्याच्या हातात हत्यार असेल, तर ९११ फिरवायलाच हवा. त्या फोनवर नेमकं बोला: मार खाणारी बाई कोण, मारणारा कोण, घरात मुलं किती, आणि बाईच्या हातात हत्यार नाही हे माहीत असेल तर तेही आवर्जून. तुम्ही दिलेलं वर्णन घेऊनच पोलीस दारात येतात. बाकी वेळी मात्र ‘मी पोलिसांना कळवू का?’ हे तिला विचारा आणि ती नको म्हणाली तर ऐका. शेजारणीशी आधीच ठरवून ठेवता येतं: दिव्याची खूण किंवा मेसेजमधला एखादा ठरलेला शब्द, आणि तो आला की काय करायचं, पोलीस की नुसतं येऊन दार वाजवायचं, हेही तिच्याच तोंडून.

मग पोलीस नाहीत तर कोण? नॅशनल डोमेस्टिक व्हायोलन्स हॉटलाइनचा नंबर १-८००-७९९-७२३३. ती १९९६ पासून चालू आहे, दिवसरात्र आणि फुकट. बोलणं शक्य नसेल तर ८८७८८ वर इंग्रजीत ‘स्टार्ट’ असा मेसेज पाठवता येतो. फोन उचलणारी व्यक्ती सहसा आधी एवढंच विचारते की आत्ता बोलायला तुम्ही सुरक्षित जागी आहात का. नाव सांगायची सक्ती नसते, तक्रार नोंदवायचा आग्रह नसतो. काय घडतंय ते ऐकून घेऊन पुढच्या काही दिवसांत जीव कसा सांभाळायचा याची आखणी ते करून देतात, आणि जवळचं निवारागृह, वकील, समुपदेशक यांचे पत्ते देतात. बलात्कार किंवा लैंगिक अत्याचार असेल तर रेन या संस्थेची हेल्पलाइन आहे, १-८००-६५६-४६७३. कृष्णवर्णीय समाजातल्या बायकांवरच्या हिंसेसाठीच काम करणारं उजिमा हे राष्ट्रीय केंद्रही आहे. आपली परिस्थिती पहिल्यापासून समजावून सांगायचा शीण अशा ठिकाणी कमी होतो.

फोन तिच्या स्वतःच्या मोबाइलवरून करणं धोक्याचं असू शकतं. नवरा कॉल लॉग तपासत असेल, लोकेशन शेअर चालू असेल, फॅमिली प्लॅनचं बिल त्याच्या नावे येत असेल. अशा वेळी तुमचा फोन तिला द्या, आणि ऑफिसात एखादी बंद खोली अर्धा तास मिळवून द्या. मोठं काही करायची गरज नसते, ही अर्ध्या तासाची खोली पुष्कळ असते.

धोका किती हे ओळखायच्या काही खुणा आहेत. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या जॅकलिन कॅम्पबेल यांनी त्यासाठी प्रश्नावली तयार केली, ती आज अमेरिकेत सर्रास वापरतात. त्यातले दोन-तीन प्रश्न प्रत्येकाने लक्षात ठेवावेत. त्याने कधी गळा दाबला आहे का? त्याच्या हाताशी बंदूक आहे का? तिने घर सोडलं आहे किंवा सोडायचं ठरवलं आहे का? मारणाऱ्याकडे बंदूक असली की खुनाचा धोका सुमारे पाच पटींनी वाढतो आणि आधी कधी गळा दाबला असेल तर सुमारे सात पटींनी, असं संशोधन सांगतं. आणि बाई घर सोडते तो काळ सगळ्यात घातक असतो. म्हणून ‘आजच्या आज निघ’ असा सल्ला उत्साहाच्या भरात देऊ नका. जाण्याची तयारी गुपचूप करायची असते: जन्मदाखले, सोशल सिक्युरिटी कार्ड, मुलांच्या लशींची नोंद, औषधं, थोडे रोख पैसे, किल्लीची दुसरी प्रत. ही पिशवी तिच्या घरात सापडू शकते. तुमच्या कपाटात ठेवायला जागा द्या.

गळा दाबला असेल आणि बाहेरून काही दिसत नसेल तरी दवाखान्यात जायलाच हवं. आवाज बसणं, गिळायला त्रास, डोळ्यांत लाल ठिपके, डोकं हलकं होणं, नकळत लघवी होणं, या गोष्टी गंभीर आहेत. रक्तवाहिनीला झालेली इजा कधी कधी काही दिवसांनी जीव घेते.

दवाखान्यातल्या एका गोष्टीवर मी जरा थांबते, कारण मराठी डॉक्टर आणि नर्सही हे वाचत असतील. गोऱ्या कातडीवर मार लागला की निळा-जांभळा डाग उठतो. वैद्यकीय पुस्तकांतली चित्रं वर्षानुवर्षं त्याच कातडीची होती. गडद त्वचेवर तोच मार कधी किंचित काळसर दिसतो, कधी नुसतीच सूज, कधी फक्त हात लावल्यावर गरम आणि दुखरी वाटणारी जागा. घाईत तपासणारा ‘वळ नाहीत’ असं लिहून मोकळा होतो आणि पुढे कोर्टात तो कागद तिच्याविरुद्ध जातो. म्हणून बोटांनी दाबून बघायचं, दोन्ही बाजू ताडून बघायच्या. सूज, दुखरेपणा, उष्णता, जागा आणि आकार लिहायचा. फोटो दिवसाच्या उजेडात, एका बाजूने पडणाऱ्या प्रकाशात काढायचे. फ्लॅश थेट मारला तर त्वचा चमकते आणि काहीच दिसत नाही. एका फोटोत चेहरा आणि इजा दोन्ही, एकात जवळून पट्टी ठेवून, आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा तेच फोटो. ‘पेशंटच्या म्हणण्यानुसार’ असं मोघम न लिहिता कोणी, कशाने, कुठे मारलं हे तिचेच शब्द अवतरणात लिहा. तुम्ही डॉक्टर नसून तिच्याबरोबर गेलेली मैत्रीण असाल, तर हे सगळं नम्रपणे पण ठासून मागा. आणखी एक. काही राज्यांत मारहाणीची इजा डॉक्टरांना पोलिसांकडे कळवावीच लागते. तेव्हा सगळं उलगडून सांगण्याआधी ‘मी सांगितलं तर तुम्हाला कोणाला कळवावं लागेल का?’ हे विचारून घेतलेलं बरं.

बलात्कारानंतरची तपासणी आणि पुरावा गोळा करणं यासाठी बाईकडून पैसे घेता येत नाहीत, आणि पोलिसांत तक्रार केली नसली तरी ती तपासणी मिळते. १९९४ च्या स्त्रियांवरील हिंसाविरोधी कायद्यातल्या आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांमधल्या या तरतुदी पुष्कळ बायकांना माहीतच नसतात. अनेक ठिकाणी पाच दिवसांपर्यंत नमुने घेतात, पण जितकं लवकर तितकं चांगलं. अंघोळ शक्यतो करू नये, कपडे कागदी पिशवीत ठेवावेत. पुरावा दिल्यावर त्याचा पाठपुरावाही करायला हवा. २००९ मध्ये डेट्रॉइटमध्ये पोलिसांच्या गोदामात न तपासलेले ११,००० हून अधिक नमुना-संच सापडले. ते ज्यांचे होते त्यातल्या बहुसंख्य बायका कृष्णवर्णीय होत्या. काउंटीच्या सरकारी वकील किम वर्दी यांनी हट्टाने ते तपासून घेतले, तेव्हा एकामागून एक सराईत बलात्कारी उघडे पडले. नमुना दिल्यावर मिळालेला क्रमांक तिने जपून ठेवावा आणि अधूनमधून विचारत राहावं, हे यातून शिकण्यासारखं.

घर आणि मुलं, या दोन धाकांनी बाई गप्प राहते. अनेक शहरांत एकाच पत्त्यावरून वारंवार ९११ ला फोन गेला तर घरमालकाला नोटीस जाते आणि मालक भाडेकरूलाच बाहेर काढतो. मिलवॉकीत झालेल्या एका अभ्यासात अशा नोटिसांचा मार कृष्णवर्णीय वस्त्यांवरच जास्त पडलेला दिसला. घरं भाड्याने देणाऱ्या मराठी मंडळींनी इथे कान टवकारावेत. सरकारी मदतीच्या घरांत अत्याचार सोसणाऱ्या बाईला त्या कारणावरून काढता येत नाही, तसा केंद्राचा कायदा आहे. बाकी ठिकाणी राज्याचा कायदा बघावा लागतो, पण मारणाऱ्याचं नाव करारात नसेल, तर कायद्यात नसलं तरी कुलूप बदलून द्यायला तुम्हाला सहसा कोणी अडवत नाही; नाव असेल तर आधी वकिलाला विचारा. मुलांबाबतची भीतीही खोटी नाही. बालकल्याण खातं कृष्णवर्णीय घरांत जास्त वेळा शिरतं. म्हणून निवारागृहातल्या किंवा कायदेशीर मदत केंद्रातल्या कार्यकर्तीशी आधी बोलावं. स्त्रियांवरील हिंसाविरोधी त्या केंद्रीय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या संस्थांना बाईच्या लेखी परवानगीशिवाय तिची माहिती सहसा कोणालाही देता येत नाही.

कित्येक जणी आधी चर्चमध्ये जातात. तिथली माणसं आधार देतात, कधी ‘लग्न टिकव’ असंही सांगतात. ती तिथे जाते म्हणून तिला नावं ठेवू नका. त्या मंडळींमध्येच एखादी जाणती बाई शोधून तिच्याशी जोडून देता आलं तर बघा. ‘आपल्या पुरुषांना जग आधीच गुन्हेगार समजतं, त्यात आपण भर कशी घालायची’ हे ओझं त्या बायकांवर फार जुनं आहे, आणि तुमच्या एका भाषणाने ते उतरणार नाही.

एका बाईच्या बोलण्याने काय होतं, ते ओक्लाहोमा सिटीत दिसलं. डॅनियल होल्ट्झक्लॉ हा पोलीस गस्तीवर असताना गरीब कृष्णवर्णीय बायकांना अडवून अत्याचार करायचा. पूर्वी कधी अटक झालेल्या, व्यसनाशी झगडणाऱ्या बायका तो हेरायचा, कारण त्यांच्यावर कोण विश्वास ठेवणार? जून २०१४ मध्ये त्याने एका सत्तावन वर्षांच्या आजीला अडवलं. तिच्यावर कोणताही डाग नव्हता. घरी आल्यावर ती मुलीला बोलली, आणि त्याच रात्री तक्रार झाली. तपास अधिकाऱ्यांनी जुन्या तक्रारीही बाहेर काढल्या. पुढे तेरा जणी साक्षीला उभ्या राहिल्या. त्याला अठरा आरोपांत दोषी धरलं गेलं आणि २०१६ मध्ये २६३ वर्षांची शिक्षा झाली. मला या प्रकरणातल्या आजीइतकीच तिची मुलगी महत्त्वाची वाटते. आईने सांगितलं आणि तिच्यावर विश्वास ठेवायला घरात कोणीतरी होतं.

हे सगळं अमेरिकेतच घडतं असं समजून पुण्या-मुंबईच्या वाचकांनी पान उलटू नये. आफ्रिकेतून शिकायला आलेल्या मुली पुण्यात आहेत, बेंगळुरूत आहेत. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीतल्या खिडकी एक्स्टेन्शन भागात एका मंत्र्याच्या पुढाकाराने रात्री आफ्रिकी बायकांना घेराव पडला. २०१६ मध्ये बेंगळुरूत टांझानियाच्या एका विद्यार्थिनीला जमावाने गाडीतून ओढून मारलं आणि तिचे कपडे फाडले. ज्या अपघातावरून जमाव भडकला, त्याच्याशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. तुमच्या सोसायटीत अशी मुलगी राहत असेल तर तिला ११२ आणि १८१ हे मदतीचे नंबर सांगून ठेवा. घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा वापरायला भारतीय नागरिक असावं लागत नाही. कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाची तक्रार, म्हणजे झीरो एफआयआर, नोंदवता येते, आणि बलात्कारपीडितेवर सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाला मोफत उपचार करावेच लागतात. ठाण्यात तिच्याबरोबर एक मराठी बोलणारं माणूस असलं तर वागणुकीत फरक पडतो, तेव्हा ‘येऊ का बरोबर?’ असं विचारा.

अमेरिकेतल्या वाचकांनी १-८००-७९९-७२३३ हा नंबर आजच फोनमध्ये घालून ठेवावा. तो फक्त मार खाणाऱ्या बाईसाठी नाही. शेजारणीबद्दल काळजी वाटते आणि काय बोलावं ते सुचत नाही, एवढ्या कारणासाठीही तुम्ही तो फिरवू शकता. इंग्रजी अडत असेल तर दुभाषी मागता येतो.